लीप वर्षातला एक गुरुवार : स्वारगेट, खेळ आणि बातमी

पुण्याच्या दक्षिण वेशीवरच्या चौकाला स्वारगेट हे नाव कसे पडले, याविषयी सर्वांत रूढ समजूत अशी, की शहरात शिरणाऱ्या आणि शहराबाहेर पडणाऱ्या माणसांवर व मालावर नजर ठेवण्यासाठी इथल्या नाक्यावर घोडेस्वार तैनात असत आणि पुढे इंग्रजी अमदानीत ‘स्वार’ या मूळच्या फारसी शब्दाला ‘गेट’ येऊन चिकटले. ही व्युत्पत्ती काटेकोर पुराव्यावर टिकते की नाही हा प्रश्न निराळा. परंतु त्या जागेने पिढ्यान्‌पिढ्या केलेले काम तिच्यातून नेमके ध्यानात येते. कात्रजचा घाट उतरून साताऱ्याकडून येणारा रस्ता, हडपसरमार्गे सोलापूरकडून येणारा रस्ता आणि पेठांमधून दक्षिणेला निघणारे रस्ते ज्या ठिकाणी एकमेकांना मिळतात, त्या ठिकाणी बाहेरून येणारा प्रत्येक जण आपल्या सामानाबरोबर बाहेरची खबरही घेऊन उतरत असे आणि शहराची खबर घेऊन पुढे जात असे.

बातमी, यंत्र, खेळ आणि करमणूक या चारही गोष्टी तळहातावरच्या एका पडद्यात मावण्यापूर्वी त्यांची देवाणघेवाण होण्यासाठी प्रत्यक्ष जागा लागत असे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या दक्षिण भागापुरती ती जागा स्वारगेट होती. एका बाजूला राज्य परिवहनाचे बसस्थानक, त्याला खेटून शहर बसगाड्यांचा थांबा, पायी काही मिनिटांच्या अंतरावर महापालिकेचे नेहरू स्टेडियम, त्याच्या शेजारी गणेश कला क्रीडा रंगमंच आणि पलीकडे सारसबागेतला तळ्यातला गणपती, इतक्या गोष्टी इतक्या थोड्या परिसरात शहरात अन्यत्र क्वचितच एकत्र आल्या असतील. या परिसराचा आणि बातमीचा संबंध कसा घडत गेला व कसा सुटत गेला, याचा मागोवा घेताना २९ फेब्रुवारी १९९६ या लीप वर्षातल्या गुरुवारी थांबणे अपरिहार्य ठरते. कारण त्या दिवशी स्वारगेटला केनियाच्या हौशी संघाने वेस्ट इंडीजला विश्वचषक स्पर्धेत हरवले, आणि एरवी बाहेरची बातमी झेलणाऱ्या या चौकातून त्या दिवशी बातमी जगभर गेली.

मतपत्राकडून वृत्तपत्राकडे

पुण्यातील पत्रव्यवसायाचा आरंभीचा इतिहास हा मुख्यतः मतांचा इतिहास आहे. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चा वाचक अग्रलेख वाचण्यासाठी अंक हाती घेई, भाजीचे भाव, नळाला येणारे पाणी, आखाड्यातल्या कुस्त्या किंवा मैदानावरच्या धावा हा त्या पत्रांचा मुख्य ऐवज नव्हता. अमेरिकेत पत्रकारितेचे शिक्षण घेऊन आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू केला, तेव्हा त्यांनी मतपत्राऐवजी वृत्तपत्राचा, म्हणजे दैनंदिन घडामोडींना प्राधान्य देणाऱ्या पत्राचा, आग्रह धरला आणि सामान्य माणसाच्या रोजच्या गोष्टींना छापील जागा मिळू लागली. खेळाचे पान ही याच बदलाची एक निष्पत्ती होय, कारण कालच्या सामन्याचा निकाल आज सकाळी चहाबरोबर वाचायला मिळावा ही अपेक्षा दैनिकामुळेच निर्माण झाली.

छापलेला अंक गावोगाव पोहोचविण्याचे साधन मात्र रस्त्यावरून येणार होते. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढच्या काळात एस.टी. ही प्रवाशांइतकीच टपालाची, पार्सलांची आणि वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यांचीही वाहक बनली. शहराबाहेर पाठवायचा अंक आधी छापून मोकळा करावा लागे. त्याला ‘डाक आवृत्ती’ म्हणत. स्वारगेटहून सुटणाऱ्या गाड्या सातारा, सांगली, कोल्हापूर, पंढरपूर, भोर, महाड अशा दिशांना जात असल्यामुळे दक्षिण महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यासाठी पुण्याचे तोंड म्हणजे हे स्थानक होते. गाडीला किती वेळ आहे याची चौकशी आणि गावाकडे पाऊस कसा आहे याची चौकशी इथे एकाच दमात केली जाई.

या स्थानकाच्या बोलीत खेळाच्या इतिहासाची एक खूण आजही शिल्लक आहे. १९८२ मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी वापरलेल्या बसगाड्या नंतर महाराष्ट्राच्या राज्य परिवहनाकडे आल्या आणि त्या निमआराम सेवेला लोकांनी ‘एशियाड’ हे नाव देऊन टाकले. दादरची एशियाड पकडण्यासाठी धावणाऱ्या प्रवाशाला आपण एका क्रीडा स्पर्धेचे नाव घेत आहोत याचे भान असण्याचे कारण नव्हते. तरीही दिल्लीतले खेळ, नवे वाहन आणि मराठी माणसाचा रोजचा प्रवास या तीन गोष्टी त्या एका शब्दात एकत्र आल्या होत्या. देशात रंगीत दूरचित्रवाणीचा प्रसार ज्या वर्षी सुरू झाला, ते वर्षही १९८२ हेच होते.

धावा आणि त्यांची वार्ता

पुणे हे खेळांच्या इतिहासात नवखे नाव नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करी छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्या फुलाच्या खेळाला नियमांचे रूप दिले, तो आज बॅडमिंटन म्हणून ओळखला जाणारा खेळ आरंभी ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. क्रिकेटमध्ये दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, आणि पुण्याच्या मध्यमवर्गात या खेळाची गोडी खोलवर रुजली.

खेळ आणि त्याची वार्ता यांच्यात त्या काळी किती अंतर होते, हे डिसेंबर १९४८ मधल्या एका प्रसंगावरून दिसते. पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम ओलांडायला अवघ्या दहा धावा हव्या असताना मध्यंतरानंतर काठियावाडचा संघ मैदानावर परतलाच नाही, त्याने सामना सोडून दिला आणि तो विक्रम तिथेच राहिला. आपण विश्वविक्रमाच्या इतके निकट आलो आहोत, हे खुद्द फलंदाजालाही मध्यंतरातच कळले, असे या प्रसंगाविषयी सांगितले जाते. ज्या माहितीसाठी आज कोणी क्षणभरही खोळंबत नाही, ती माहिती खेळपट्टीपर्यंत वेळेत पोहोचली नव्हती.

हे अंतर कमी करण्याचे काम आधी आकाशवाणीने केले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले आणि पुढच्या दशकांत धावते समालोचन, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच त्याचे शब्दांत वर्णन करण्याची कला, घराघरांत पोहोचली. महाराष्ट्राकडून स्वतः रणजी सामने खेळलेले बाळ ज. पंडित यांनी मराठीतून समालोचन करण्याची वाट रुळवली, आणि ते करताना भाषेला नवे शब्द लागले. षटक, यष्टिरक्षक, झेलबाद, धावबाद, त्रिफळाचीत, पायचीत, अवांतर धावा हे शब्द आज वृत्तपत्रात वाचताना कोणालाही अडखळायला होत नाही. परंतु समालोचक आणि क्रीडापत्रकार यांनी वर्षानुवर्षे वापरून ते कानाला सवयीचे केले आहेत. यांपैकी ‘त्रिफळाचीत’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे, कारण तीन यष्ट्यांचा उडालेला बोजवारा आणि कुस्तीतला चीतपट असा दुहेरी नाद त्याच्यात आहे, म्हणजे इंग्रजी खेळाची बातमी सांगताना भाषेने आखाड्यातली आठवण वापरली आहे.

दूरचित्रवाणी त्यानंतर आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि सिंहगडावर उभारलेल्या सहप्रक्षेपण केंद्रामुळे, म्हणजे मूळ कार्यक्रम झेलून पुढे पाठविणाऱ्या यंत्रणेमुळे, मुंबईची चित्रे पुण्यात दिसू लागली. ज्या गडाचा बुरूज स्वारगेटच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून पूर्वी सहज दिसे, त्याच गडावरून आता बातम्या, नाटके आणि कसोटी सामने उतरू लागले.

महापालिकेचे मैदान

स्वारगेटचे नेहरू स्टेडियम या पार्श्वभूमीवर आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या नकाशावर आले. मैदानाची मालकी पुणे महापालिकेची होती आणि मोठे सामने भरविण्याचे काम महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे होते. या दुहेरी व्यवस्थेचे परिणाम पुढे जाणवणार होते. सुमारे २५ हजार प्रेक्षक सामावून घेणाऱ्या या मैदानावर ५ डिसेंबर १९८४ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. एकदिवसीय सामना म्हणजे प्रत्येक संघाला ठरावीक षटके देऊन एकाच दिवसात निकाली काढलेला सामना. त्या दिवशी दिलीप वेंगसरकर यांनी भारतासाठी शतक काढले, पण इंग्लंडच्या माइक गॅटिंग यांनी नाबाद शतकाने उत्तर दिले आणि पाहुणे चार गडी राखून जिंकले. १९८७ च्या विश्वचषकात इंग्लंड व श्रीलंका यांच्यातला सामनाही याच मैदानावर झाला.

या मैदानाचे वैशिष्ट्य त्याच्या बांधणीपेक्षा त्याच्या ठिकाणात होते. प्रेक्षक पेठांतून सायकलीने येई, उपनगरांतून शहर बसने येई आणि बारामती, फलटण किंवा वाईहून पहाटेची एस.टी. पकडून थेट मैदानाच्या उंबऱ्यावर उतरे. शेजारच्या गणेश कला क्रीडा रंगमंचावर नाटके, संमेलने, मेळावे आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या पुणे फेस्टिव्हलचे कार्यक्रम होत. त्यामुळे एकाच फाटकाच्या आसपास कधी तिकिटांची, तर कधी प्रवेशपत्रिकांची रांग दिसे. खेळ आणि कला ही दोन्ही नावे एकाच वास्तूला द्यावीत असे शहराला वाटले, यातही त्या परिसराचा स्वभाव दिसतो.

२९ फेब्रुवारी १९९६

१९९६ चा विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी मिळून भरविला होता. स्पर्धेच्या तोंडावर, ३१ जानेवारी रोजी, कोलंबोतल्या मध्यवर्ती बँकेवर भीषण बॉम्बहल्ला झाला आणि ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज या संघांनी तिथे जाऊन खेळण्यास नकार दिला. परिणामी ते सामने श्रीलंकेला बहाल करण्यात आले. वेस्ट इंडीजने हैदराबादला झिंबाब्वेला हरविले होते आणि ग्वाल्हेरला भारताकडून हार पत्करली होती, त्यामुळे न खेळताच गमावलेल्या कोलंबोच्या सामन्यानंतर पुण्यातला विजय त्यांना गरजेचा होता, मात्र तो अवघड असेल असे कोणालाही वाटत नव्हते.

१९७५ आणि १९७९ चे विश्वचषक जिंकलेल्या या संघाची जुनी जरब १९९६ पर्यंत ओसरू लागली होती. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना त्यांच्याच भूमीवर कसोटी मालिकेत नमविले होते आणि संघातली धुसफुस लपून राहिलेली नव्हती. तरीही कर्टली अँब्रोज, कोर्टनी वॉल्श आणि इयन बिशप यांचा मारा आणि १९९४ मध्ये कसोटीत ३७५ व इंग्लंडमधल्या प्रथम श्रेणी सामन्यात नाबाद ५०१ धावा काढणारे ब्रायन लारा, एवढे भांडवल कोणत्याही नवख्या संघाला धडकी भरवायला पुरेसे होते.

केनियाचा संघ १९९४ मध्ये नैरोबीत झालेल्या आयसीसी करंडक स्पर्धेतून, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या देशांच्या स्पर्धेतून, पात्र ठरला होता आणि पुण्यातला सामना हा त्याचा अवघा चौथा अधिकृत एकदिवसीय सामना होता. या संघाची घडण भारतीय वाचकाला परकी वाटू नये अशी होती. पूर्व आफ्रिकेत रेल्वे बांधण्यासाठी आणि नंतर व्यापारासाठी गेलेल्या हिंदी कुटुंबांनी तिथे क्रिकेट जोपासले होते, त्यामुळे मॉरिस ओडुंबे, स्टीव्ह टिकोलो, केनेडी ओटिएनो, मार्टिन सुजी आणि थॉमस ओडोयो या नावांच्या मांडीला मांडी लावून हितेश मोदी, दीपक चुडासामा, असिफ करीम आणि रजब अली ही नावे धावफलकावर दिसत. त्यांचे प्रशिक्षक होते भारताचे माजी कसोटीपटू हनुमंत सिंग. बहुतेक खेळाडू नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणारे होते. सलामीचे चुडासामा तर पेशाने दंतवैद्य होते.

नाणेफेक जिंकून वेस्ट इंडीजने क्षेत्ररक्षण स्वीकारले आणि त्यांचा निर्णय योग्य ठरणार असे दिसू लागले. केनियाची अवस्था ६ बाद ८१ अशी झाली. मग मोदी आणि कोवळ्या वयाचे ओडोयो यांनी डाव सावरला आणि अखेर संघ १६६ धावांपर्यंत पोहोचला. या डावाचा धावफलक बारकाईने वाचला तर सामन्याची निम्मी कथा तिथेच कळते : सर्वाधिक धावा टिकोलो यांच्या २९ आणि मोदींच्या २६, पण त्या दोघांपेक्षाही मोठा आकडा अवांतर धावांचा, म्हणजे फलंदाजाच्या बॅटीतून न आलेल्या, वाइड, नोबॉल आणि लेगबाय यांतून मिळालेल्या धावांचा होता, तो होता ३७. एकेकाळी शिस्तबद्ध वेगाने जग जिंकलेल्या गोलंदाजांनी प्रतिस्पर्ध्याच्या धावसंख्येचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग स्वतःच्या हाताने दिला होता.

१६७ धावांचे लक्ष्य पन्नास षटकांत गाठणे ही त्या फलंदाजीपुढे किरकोळ गोष्ट मानली जात होती. कर्णधार रिची रिचर्डसन यांचा मध्यमगती रजब अली यांनी त्रिफळा उडवला. दुसरे सलामीवीर शेर्विन कॅम्पबेल यांनाही सुजींनी त्रिफळाचीत केले. त्यानंतर लारा आले. रजब अली यांच्या एका चेंडूने त्यांच्या बॅटीची कड घेतली आणि चष्मा लावणारे, अंगाने काहीसे भारी असलेले यष्टिरक्षक तारिक इक्बाल यांच्या हातमोज्यांत तो चेंडू स्थिरावला. लारांच्या नावापुढे धावा लागल्या ८. तिथून पुढे ओडुंबे यांच्या ऑफस्पिनने, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजासाठी बाहेरून आत वळणाऱ्या फिरकीने, मधली फळी जखडून टाकली. त्यांनी दहा षटकांत १५ धावा देऊन तीन बळी घेतले. दोन फलंदाज धावबाद झाले, शिवनारायण चंद्रपॉल (१९) आणि रॉजर हार्पर (१७) यांच्याखेरीज कोणीही दोन आकडी धावा काढू शकले नाही, आणि ३६ व्या षटकात शेवटचे फलंदाज कफी यांचा त्रिफळा उडाला तेव्हा फलकावर ९३ हा आकडा होता. केनिया ७३ धावांनी जिंकला. ओडुंबे सामनावीर ठरले आणि केनियाच्या खेळाडूंनी मैदानाला विजयाची फेरी मारली; पुण्यातल्या प्रेक्षकांनी त्यांना आपलाच संघ असल्यासारखी दाद दिली.

सहा वाटांनी गेलेली बातमी

या निकालाची वार्ता ज्या रीतीने पसरली, तिच्यात त्या काळाच्या तंत्रज्ञानाचा जणू आडवा छेद पाहायला मिळतो. पहिली वाट म्हणजे प्रेक्षक स्वतः. सामना दिवसाउजेडी आणि अपेक्षेपेक्षा लवकर संपल्यामुळे मैदानाबाहेर पडलेला जमाव नेहमीप्रमाणे बसस्थानकाकडे वळला, आणि कोल्हापूर किंवा पंढरपूरच्या गाडीत बसलेल्या, मैदानाकडे ढुंकूनही न पाहिलेल्या प्रवाशाला शेजाऱ्याकडून डोळ्यांनी पाहिलेली हकिकत ऐकायला मिळाली. दुसरी वाट आकाशवाणीची होती. पानाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, रिक्षाच्या पुढच्या बाजूला टांगलेल्या ट्रान्झिस्टरवर आलटून पालटून हिंदी आणि इंग्रजी समालोचन चाले आणि त्याच्याभोवती उभ्या राहणाऱ्यांना एकमेकांची ओळख असण्याची गरज नसे. तिसरी वाट दूरदर्शनची. टीव्ही विकणाऱ्या दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून सामना पाहणे ही त्या काळातली सर्वमान्य रीत होती, आणि तिसरा पंच, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय देणारा पंच, विश्वचषकात प्रथमच याच स्पर्धेत आल्यामुळे पडद्यावर पुन्हा दाखविल्या जाणाऱ्या दृश्याला आता निवाड्याचे वजनही आले होते.

चौथी वाट दूरध्वनीची. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने देशी बनावटीची दूरध्वनी केंद्रे तयार केल्यानंतर पिवळ्या पाटीचे एस.टी.डी.-पी.सी.ओ., म्हणजे पैसे देऊन परगावी बोलण्याची सार्वजनिक केंद्रे, गल्लोगल्ली उघडली आणि बसस्थानकांच्या आसपास तर त्यांची रांगच लागली. काचेच्या अरुंद खोलीत उभा राहून बोलणाऱ्याची नजर समोरच्या यंत्रावर वाढत जाणाऱ्या लाल आकड्यांवर असे, बोलणे संपताच छोट्या कागदी पट्टीवर बिल निघे, आणि रात्री दर उतरत असल्यामुळे घाई नसलेले लोक उशिरापर्यंत थांबत. अशा ठिकाणी खुशालीच्या वाक्यांमागून क्रिकेटच्या धावाही चार शब्दांत परगावी पोहोचत. पाचवी वाट दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्राची. दुपारीच संपलेल्या सामन्याचा निकाल बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीतही सहज मावणारा होता, आणि ज्यांनी सामना ऐकला होता, पाहिला होता, तेही संपूर्ण धावफलक वाचण्यासाठी सकाळी अंक उघडत, कारण ऐकलेल्या बातमीची खातरजमा छापील अक्षरांनीच होते अशी त्या पिढीची धारणा होती.

सहावी वाट बहुतेक पुणेकरांच्या नजरेआड होती. विदेश संचार निगमने १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली होती; तिचा वापर करणारे अत्यंत थोडे होते. मात्र परदेशातल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय उपखंडातील विद्यार्थ्यांसाठी १९९३ मध्येच ‘क्रिकइन्फो’ या सेवेचा आरंभ झाला होता, आणि रेडिओवर वा दूरचित्रवाणीवर सामना अनुसरणारे हौशी स्वयंसेवक धावसंख्या टंकून संगणकजाळ्यात सोडत असत. ज्या शहरात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, त्या शहरातला रिक्षावाला ट्रान्झिस्टरवर धावा ऐकत होता आणि त्याच शहरातून अमेरिकेला गेलेला विद्यार्थी त्या धावा संगणकावर वाचू शकत होता, हा विरोधाभास त्या दशकाचे चित्र नेमके उभे करतो.

या सहाही वाटांचा वेग वेगवेगळा होता, आणि त्या वेगांतल्या फरकामुळेच ‘स्कोअर काय झाला?’ हा प्रश्न अनोळखी माणसाला विचारण्याजोगा राहत होता. ज्याला आधी कळले आहे आणि ज्याला अजून कळलेले नाही, असे दोघे एकाच वेळी एकाच ठिकाणी असणे ही संभाषणाची पूर्वअट होती; स्वारगेटला ती दिवसभर पुरी होत असे. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या जाती, गावे, धंदे निराळे असत, दोघांची गाठ पुन्हा पडण्याचा संभव नसे, आणि तरीही उत्तरात नुसता आकडा न येता लारा कसा बाद झाला याचे हातवारे करून दिलेले प्रात्यक्षिकही येई.

सामन्यानंतर

वेस्ट इंडीजचा संघ या धक्क्यातून सावरला, हा त्या स्पर्धेतला आणखी एक चमत्कार. जयपूरला ४ मार्च रोजी रिचर्डसन यांच्या नाबाद ९३ धावांच्या जोरावर त्यांनी ऑस्ट्रेलियाला नमविले. पुण्यात सगळ्या संघाने मिळून जो आकडा गाठला होता, तोच आकडा त्यांच्या कर्णधाराने एकट्याने गाठला. कराचीत दक्षिण आफ्रिकेला हरवून हा संघ उपांत्य फेरीत गेला आणि मोहालीत ऑस्ट्रेलियाकडून अवघ्या ५ धावांनी हरला. पुण्यातल्या पराभवानंतर काही दिवसांतच रिचर्डसन यांनी निवृत्तीचा निर्णय जाहीर केला होता. केनियाला कँडी इथे श्रीलंकेने ३९८ धावांचा तत्कालीन विक्रमी डोंगर रचून जमिनीवर आणले. परंतु त्या देशाचे क्रिकेट पुण्यापासून गंभीरपणे घेतले जाऊ लागले, त्याला १९९७ मध्ये अधिकृत एकदिवसीय दर्जा मिळाला आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. २०१४ मध्ये तो दर्जा त्याने पुन्हा गमावला.

मैदानाच्या नशिबीही असेच वरखाली होते. महापालिका आणि क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून मतभेद होत राहिले आणि संघटनेने शहराबाहेर, मुंबईकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गालगत गहुंजे इथे स्वतःच्या मालकीचे मैदान बांधण्याचे ठरविले. नोव्हेंबर २००५ मधल्या भारत-श्रीलंका सामन्यानंतर नेहरू स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला नाही. ब्रिटिश वास्तुविशारद मायकल हॉपकिन्स यांच्या संस्थेने आराखडा केलेले गहुंजेचे मैदान २०१२ मध्ये खुले झाले. ते अधिक मोठे, अधिक सोयीचे आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसाठी अधिक योग्य होते. तिथे पोहोचण्यासाठी मात्र प्रेक्षकाला मुद्दाम निघावे लागे. गाडी बदलायला उतरलेला माणूस सहज सामन्याकडे वळावा, ही शक्यता संपली.

स्वारगेट त्यानंतर नव्या यंत्रांची प्रयोगभूमी झाले, पण ती यंत्रे वाहतुकीची होती. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बी.आर.टी., म्हणजे बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका, देशात पहिल्यांदा आजमावली गेली. नंतर स्वारगेटच्याच जेधे चौकावर उड्डाणपूल आला. आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली. त्याच काळात पिवळ्या पाट्यांची दूरध्वनी केंद्रे एकेक करून बंद पडली, टीव्हीच्या दुकानांच्या काचांबाहेरची गर्दी पांगली आणि ट्रान्झिस्टर दिसेनासे झाले.

मेट्रो सुरू झाल्यानंतर महिन्याच्या आतच, २६ ऑक्टोबर २०२४ रोजी, गहुंजेच्या मैदानावर न्यूझीलंडने भारताला ११३ धावांनी हरविले. मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकत आलेल्या संघाचा तो क्रम तिथे तुटला, आणि मिचेल सँटनर यांनी त्या सामन्यात १३ बळी घेतले. पुण्याच्या मातीने पाहिलेल्या धक्कादायक निकालांच्या यादीत १९९६ च्या शेजारी बसेल असा हा निकाल होता. स्वारगेटच्या भुयारी फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला तो शेवटच्या बळीबरोबरच कळला, नैरोबीतल्या, न्यू जर्सीतल्या आणि गहुंजेच्या सज्जातल्या माणसाला कळला त्याच क्षणी. सर्वांना सर्व काही एकदमच कळल्यामुळे शेजारी उभ्या असलेल्याला विचारण्याजोगे काही उरले नाही. गाडी आली आणि प्रवासी आपापल्या पडद्यावरची नजर न काढता आत चढले.